दाबाखालचे पोलाद : गोल जोड आणि मे महिना

हायड्रो टेस्टचा, म्हणजे लाइनीत पाणी भरून दाब वाढवून बघण्याचा, विषय आज घ्यायचा होता, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. उदगीर भागातल्या एका साइट सुपरवायझरचे पत्र आले आहे. ‘लांबीच्या शिवणीवर गोल जोडाच्या दुप्पट ताण येतो असे तुम्ही लिहिलेत, मग आमच्याकडे लाइन गळते ती गोल जोडातच का?’ हा प्रश्न मला टेस्टपेक्षा मोठा वाटतो.

आधी आकडे मांडू. पाइप ८०० मिलिमीटर व्यासाचा, पत्रा ८ मिलिमीटर, पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो. पाइपच्या लांबीने जाणाऱ्या शिवणीवर ताण येतो चौरस मिलिमीटरला साधारण ५० न्यूटन, दोन पाइप जोडणाऱ्या गोल जोडावर २५. मुरमात घट्ट दाबून बसलेल्या सरळ लाइनीत तर त्याहूनही कमी. साधे पोलाद २३५ न्यूटनपर्यंत टिकते. म्हणजे पाण्याच्या हिशेबाने गोल जोड आरामात आहे.

पण त्या जोडाला पाण्याखेरीज ऊनही सोसावे लागते. आपल्याकडे काळ्या जमिनीत पावसाळ्यात पोकलेन शिरत नाही, म्हणून पाइपलाइनची कामे मार्च ते मेमध्ये उरकतात. दुपारी चरात पडलेल्या पाइपला हात लावता येत नाही. तो ५५ अंशांवर असताना जोड मारला आणि पुढे हिवाळ्यात तोच पाइप २५ अंशांवर आला, तर एका किलोमीटरला ३६ सेंटिमीटर आखडायला बघतो. माती त्याला आखडू देत नाही. मग ते आखडणे ताण होऊन पत्र्यात राहते, आणि तो ताण भरतो ७२ न्यूटन. पाण्याने दिलेल्या २५च्या जवळजवळ तिप्पट! शिवाय हा ताण लाइनीच्या लांबीच्या दिशेने ओढतो, म्हणजे नेमका गोल जोडालाच उघडू पाहतो. लांबीच्या शिवणीला त्याचा त्रास नाही.

तरी बेरीज शंभरच्या आतच राहते. मग जोड का उघडतो? तो जोड कुठे आणि कसा मारला जातो हे बघा. कारखान्यातली शिवण यंत्रावर, सावलीत मारली जाते आणि तिथेच तपासली जाते. गोल जोडाचा खालचा भाग मारायला वेल्डर पाइपखाली खणलेल्या खड्ड्यात उताणा पडतो. ठिणग्या गळ्यावर पडतात, बाहीत शिरतात. घाम डोळ्यांत उतरतो. रूट पासला, म्हणजे वेल्डच्या तळाच्या पहिल्या थराला, धातू वर चढवायचा असतो आणि तो खाली ओघळतो. तिथे ८ मिलिमीटरपैकी २ मिलिमीटर न भरता राहिले, तर आतून एक बारीक, धारदार खाच तयार होते. वरून कॅप, म्हणजे शेवटचा थर, सुबक दिसते, ग्राइंडर मारला की आणखी सुबक. ताण मात्र त्या खाचेच्या टोकाशी कित्येक पट वाढतो. त्या वेल्डरला दोष देण्याआधी त्याला ऐसपैस खड्डा खणून द्या, असे मला मनापासून वाटते. खड्डा खोल असेल तर कोपर हलते आणि कोपर हलले तरच रूट बसतो.

काळी माती यात आणखी भर घालते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाइप एकीकडे उचलला जातो, दुसरीकडे अधांतरी राहतो आणि वाकतो. वाकण्याचा ताणही गोल जोडावरच येतो. म्हणून चरातली काळी माती काढून मुरमाची गादी घालायची असते. घाईत पहिली कात्री लागते ती नेमकी या गादीला.

घाई आपल्या भागात कुठून येते हेही सांगायला हवे. २०१६ साली लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले. मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. अशा उन्हाळ्यात कोणताही अधिकारी ‘थंड वेळ येईपर्यंत जोड थांबवा’ असे कसे म्हणेल?

तरी म्हणायला हवे, कारण अख्खे काम थांबवावे लागत नाही. बाकीचे जोड दिवसा मारा. ठरावीक अंतरावर एक क्लोजिंग जॉइंट उघडा ठेवा, मधली लाइन पुरून थंड होऊ द्या आणि तो जोड पहाटे, पाइप थंडगार असताना मारा. नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाहून चढावर पाणी नेणाऱ्या लाइनी असोत की तालुक्याची साधी पाणीयोजना, हिशेब तोच.

त्या सुपरवायझरने पत्राच्या शेवटी लिहिले आहे की त्यांची लाइन मे महिन्यात हायड्रो टेस्टला पास झाली आणि डिसेंबरात गळली. टेस्टमध्ये पंप पाण्याचा दाब वाढवतो, डिसेंबरची थंडी काही आणत नाही. मग त्या टेस्टवर भरवसा किती ठेवायचा, ते पुढच्या आठवड्यात.