केळ्याची घटका

कामाच्या ठिकाणीं माणसांनीं खेळीमेळीनें वागावें, हें आतां बहुतेक मोठ्या कचेऱ्यांचे चालक मान्य करतात. इतकेंच नव्हे, तर त्यासाठीं पैसाही खर्च करतात. टेबल-टेनिसचें मेज आणलें जातें, वाढदिवसांचे केक कापले जातात, वर्षांतून एकदां सहल निघते. सहलींत सर्वांनीं हंसलेंच पाहिजे, असा अलिखित नियम असतो. मग तींच माणसें दुसऱ्या दिवशीं कोपऱ्यावरच्या चहावाल्यापाशीं जमलीं म्हणजे खरा हंशा पिकतो. चालकानें योजलेली मौज फिकी कां पडते आणि कोणीं न योजलेली मौज कां रंगते, याचा पुष्कळसा उलगडा डोनाल्ड रॉय या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या एका निबंधांत सांपडतो. ‘बनाना टाइम’ या नांवाचा हा निबंध १९५९-६० सालीं ‘ह्यूमन ऑर्गनायझेशन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

रॉयनें हा निबंध मेजाशीं बसून रचला नाहीं. तो स्वतः एका कारखान्यांत मजूर म्हणून राहिला. खोली कोंदट, खिडक्यांना गज, बाहेर पाहावें तों समोर एका वखारीची विटांची भिंत. काम म्हणजे तावावर साचा ठेवावयाचा, यंत्राची कळ दाबावयाची, तुकडा कापला गेला कीं साचा पुढें सरकवावयाचा, आणि पुन्हां तेंच. अशा कामांत दिवस उभ्यानें काढावयाचा. प्रारंभीं रॉयला वाटलें, हें आपल्यानें निभणार नाहीं. मग त्यानें स्वतःपुरता एक खेळ काढला : एका रंगाचे इतके तुकडे झाले कीं दुसरा रंग घ्यावयाचा, तेवढे झाले कीं साचा बदलावयाचा. खेळ क्षुल्लकच, पण पुढें कांहींतरी यावयाचें आहे, एवढ्या आशेनेंही तास थोडा हलका होतो.

खोलींत त्याचे तीन सोबती होते. जॉर्ज, आयक आणि सॅमी हे तिघेही प्रौढ वयाचे. त्यांची बडबड आणि चाळे रॉयला प्रथम केवळ पोरकट वाटले. हळूहळू त्याच्या ध्यानांत आलें कीं, या चाळ्यांना वेळापत्रक आहे. सकाळीं सॅमी आपल्याजवळचें पीच हें फळ काढून सर्वांना वांटावयाचा. ती ‘पीचची घटका’. त्यानंतर ‘केळ्याची घटका’. सॅमी आपल्या जेवणासाठीं एक केळें घेऊन येई. आयक तें हळूच पळवी, ‘केळ्याची वेळ झाली!’ अशी आरोळी ठोकी आणि स्वतःच खाऊन टाकी. सॅमी तक्रार करी; जॉर्ज वडीलकीनें कधीं आयकला, तर कधीं उगाच आरडाओरड करतो म्हणून सॅमीलाच दटावी. हें रोजचें. सॅमीला आपलें केळें खावयास कधींच मिळालें नाहीं, आणि तरीही दुसऱ्या दिवशीं तो केळें घेऊन येईच! पुढें खिडकी उघडण्याची घटका, मासळी खाण्याची घटका, पेय पिण्याची घटका, असा दिवस सरे. सपाट माळावर अंतर कळावें म्हणून मैलाचे दगड असावेत, तशा या घटका होत्या.

मराठी वाचकाला यांत नवल वाटूं नये. जात्यावर बसणाऱ्या बाईला ओवी कोणीं नेमून दिलेली नव्हती. ती तिची तिनें गाइली; आणि समोर बसून खुंट्याला हात लावणाऱ्या दुसरीनें तींत भर घातली. उद्यां एखाद्या मालकानें ‘दळतांना गावें’ असा हुकूम काढला असता, तर ओवीचें काय झालें असतें, हें सांगावयास नकोच.

परंतु रॉयच्या निबंधाचा खरा मोलाचा भाग पुढें आहे. त्या खोलींत थट्टेला मोकळीक असली, तरी कांहीं विषय थट्टेच्या पलीकडचे होते. जॉर्जची मुलगी एका प्राध्यापकाच्या घरीं दिलेली होती. या व्याह्यांविषयीं, लग्नसमारंभाविषयीं जॉर्ज बोलूं लागला म्हणजे आयक आणि सॅमी आदरानें ऐकत. त्या अंधाऱ्या खोलींत जॉर्जची प्रतिष्ठा या नात्यावर उभी होती. रॉयला आतां आपण मुरलों असें वाटूं लागलें होतें. त्याच्याच डोक्यांतून एक विनोद निघाला : हे प्राध्यापक म्हणे केशकर्तन शिकविणाऱ्या शाळेंत शिकवितात! विनोद जॉर्जच्या कानीं गेला आणि त्याचा चेहरा लाल झाला. तो सर्वांशीं बोलेनासा झाला. पीच गेलें, केळें गेलें. जवळजवळ पंधरवडा खोलींत यंत्रांचाच काय तो आवाज. नव्याचा हा विनोद केवढ्याला पडला! तेंच काम, तेच तास, तीच मजुरी. पण जो थकवा नाहींसा झाला होता, तो रॉयच्या पायांत पुन्हां उतरला. पुढें जॉर्ज निवळला आणि बोलणें सुरू झालें, तेव्हां कोठें दिवस पूर्ववत् सरूं लागले.

थट्टेला आणखीही एक अंग आहे, आणि तें तितकें गोड नाहीं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यांत नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळांत टेलिफोनच्या यंत्रांना तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांचें निरीक्षण झालें होतें. त्यांच्यांतही खेळ होते. एक खेळ असा कीं, दंडावर जोराचा गुद्दा द्यावयाचा, आणि खाणाऱ्यानें तसाच एक परत करावयाचा. पण जो गडी ठरलेल्यापेक्षां भराभर काम उरकी, त्यालाही हाच गुद्दा मिळे. एका तपासनिसाला तर त्रास देऊन देऊन मंडळींनीं तेथून जावयास लावलें. बाहेरून पाहणाराला दोन्हीकडे हंसणेंच दिसतें. तेव्हां एखाद्या विभागांत खूप हंशा ऐकूं येतो एवढ्यावरून चालकानें संतुष्ट होऊं नये. हंसणें कोणाच्या खर्चानें चाललें आहे, आणि ज्याचें केळें जातें तो उद्यां पुन्हां आपण होऊन आणतो कीं नाहीं, हें पाहावें.

या खेळीमेळीनें काम वाढतें काय, हा चालकांचा नेहमींचा प्रश्न. त्यावर निर्णय देण्याइतका पुरावा आपल्यापाशीं नाहीं, असें रॉयनें मोकळेपणीं लिहिलें. त्याला एवढेंच ठाऊक होतें कीं, जें काम आपल्यानें होणार नाहीं असें वाटलें होतें, तें तो करीत राहिला. आणि त्या खोलींत वरिष्ठांचें येणें-जाणें बेताचेंच होतें.