औषधांच्या कपाटापाशी बसणाऱ्या बाईंची चिठ्ठी

मैत्रिणींनो, घरात महिन्याला चार किलो गोडेतेल लागतं आणि एखाद्या महिन्यात ते सहा किलो लागलं, तर ही गोष्ट सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येते? घरच्या कर्त्या पुरुषाच्या? छे! तुमच्याच. मग तुम्ही आठवू लागता. पाहुणे येऊन गेले का, सणाचं तळण झालं का, डबा कुठे गळतोय का? कारण सापडलं तर ठीक, नाही तर जिवाला चैन पडत नाही. रोजचा हिशेब ज्याच्या हाती, त्यालाच फरक पहिल्यांदा दिसतो.

रोगराईचंही अगदी तसंच आहे, बरं का! सरकारी आरोग्य खात्यात आतल्या आत किती तरी कागद फिरत असतात. सिस्टर लिहितात, डॉक्टर लिहितात, कारकून लिहितात, वरच्या साहेबांकडे पाठवतात. आपल्या दारात वही घेऊन कुणी आलं की आपण कपाळाला आठ्या घालतो आणि म्हणतो, ''काय करायचंय एवढं लिहून?'' तर ऐका, अशा लिहिण्यानं काय घडतं ते.

तरण्याताठ्या माणसांना हे औषध कशाला?

अमेरिकेत अटलांटा शहरात सीडीसी नावाची मोठी सरकारी संस्था आहे. मलेरियाशी लढण्यासाठी १ जुलै १९४६ रोजी ती सुरू झाली आणि पुढे देशभरातल्या सगळ्याच साथींचा माग काढू लागली. १९८१ साली तिथे सँड्रा फोर्ड नावाच्या बाई काम करत होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या. बाजारात न मिळणारी काही दुर्मीळ औषधं ही संस्था सांभाळून ठेवी. डॉक्टरांची मागणी आली की ती नोंदवायची, कारण विचारायचं आणि औषध रवाना करायचं, हे त्यांचं काम.

त्या औषधांत पेंटामिडीन नावाचं एक औषध होतं. एका विशिष्ट प्रकारच्या न्यूमोनियावर ते देत. हा न्यूमोनिया धडधाकट माणसाला सहसा होत नाही. कॅन्सरच्या उपचारांनी किंवा दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवल्यावर घ्याव्या लागणाऱ्या औषधांनी ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे, अशांनाच तो गाठतो. त्यामुळे मागणीबरोबर काही तरी कारण असायचंच.

१९८१ च्या सुरुवातीला मात्र न्यूयॉर्कच्या डॉक्टरांकडून वेगळ्याच मागण्या येऊ लागल्या. रोगी तरुण पुरुष. कॅन्सर नाही, मोठं ऑपरेशन नाही. ''मग प्रतिकारशक्ती कशानं गेली?'' असं विचारावं, तर डॉक्टरांनाच ठाऊक नाही!

फोर्डबाईंना काय, औषध पाठवून नोंद केली असती तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण कारणाचा रकाना रिकामा राहतोय, हे त्यांना स्वस्थ बसू देईना. एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांना लिहून कळवलं, की अशा मागण्या वाढल्या आहेत आणि त्यांचा उलगडा होत नाही.

याच सुमारास लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनीही असेच पाच तरुण रोगी पाहिले होते आणि त्यांची हकीकत लिहून संस्थेकडे धाडली होती. ५ जून १९८१ च्या साप्ताहिक पत्रिकेत ती छापली गेली. गंमत पाहा, त्या अंकातली पहिली बातमी होती डेंग्यूची. ही तिच्यामागून, दोन-तीन पानांत. पाचांपैकी दोघे तोवर दगावलेही होते. जगाला एड्सची चाहूल लागली ती या पानांतून. एड्स हे नाव तर १९८२ साली ठेवलं गेलं.

लिहिलेलं वाचायलाही हवं

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. नुसतं लिहून भागत नाही. जुलै १९८२ मध्ये त्याच पत्रिकेत आणखी तीन रोग्यांची नोंद आली. हे तिघे हिमोफिलियाचे रोगी होते. त्यांचं रक्त गोठत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या रक्तापासून केलेलं औषध त्यांना टोचावं लागे. म्हणजे रोग रक्तातूनही पसरत असावा, असा संशय तेव्हाच कागदावर आला होता.

तरीही रक्तपेढ्या आणि औषधं करणारे लोक लगेच हलले नाहीत. पुरावा पुरेसा नाही, खर्च फार होईल, रक्त देणारे बिथरतील, अशी कारणं निघाली. रक्त तपासायची सोय अमेरिकेत झाली ती मार्च १९८५ मध्ये. मधल्या काळात किती तरी हिमोफिलियाच्या रोग्यांना, त्यांत लहान मुलंही आली, औषधाच्या सुईतूनच हा रोग झाला. चिठ्ठी वेळेवर लिहिणं जेवढं मोलाचं, तेवढंच ती वेळेवर वाचून हातपाय हलवणंही.

दूधभाज्यांच्या शेजारी रक्ताच्या बाटल्या

आपल्या देशात हा रोग आहे का, हे पाहायचं धाडस केलं तेही दोन बायकांनीच. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर सुनीती सॉलोमन शिकवत होत्या. त्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी १९८५ च्या अखेरीपासून शरीरविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. पुरेशी सोय नव्हती, म्हणून तपासणीला जाईपर्यंत ते नमुने चक्क स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले! मग यजमानांना सोबत घेऊन, बर्फाच्या डब्यातून ते वेल्लोरच्या इस्पितळात नेले. १९८६ साली त्यांतल्या सहा नमुन्यांत रोगाची खूण सापडली.

''आपल्याकडे असलं काही नसतं'' असं तेव्हा भले भले म्हणत होते. या दोघींनी नोंद पुढे ठेवली म्हणून ते म्हणणं थांबलं आणि आपल्याकडेही तपासणीला तोंड फुटलं.

आपल्या गल्लीतून दिल्लीपर्यंत

आता आपल्या घराजवळ येऊ या. नोव्हेंबर २००४ मध्ये आपल्याकडे रोगांवर सतत नजर ठेवण्याची एक देशव्यापी योजना सुरू झाली. उपकेंद्राच्या सिस्टर लक्षणांचा फॉर्म भरतात, डॉक्टर संशयित रोगाचा आणि प्रयोगशाळा तपासणीचा. तिथून आकडे तालुका, जिल्हा, राज्य आणि मग दिल्ली असे वर जातात. पूर्वी हे काम आठवड्यातून एकदा कागदावर व्हायचं. २०२१ पासून ते संगणकावर रोजच्या रोज नोंदवायची पद्धत आली.

सिस्टरांच्या फॉर्ममध्ये असतं तरी काय? ताप किती दिवसांचा, अंगावर पुरळ आहे का, खोकला किती जुना आहे, पाण्यासारखे जुलाब, कावीळ, लहान मुलाचा हातपाय एकाएकी लुळा पडणं. यांतली एकही गोष्ट तुमच्या नजरेतून सुटत नाही, हो ना?

पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसरचंच पाहा. जुलै २०२१ मध्ये तिथे तापाचे बरेच रोगी निघाले. दिवस करोनाचे. ''असेल ताप'' म्हणून सोडून देणं सोपं होतं. पण रक्ताचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत गेले. चिकुनगुन्या निघाला. पथक गावात आलं, आणखी नमुने घेतले आणि ३० जुलैला कळलं, की गावातल्या एका बाईंना झिका झाला होता. महाराष्ट्रातला हा पहिलाच रोगी! सुदैवानं त्या बऱ्याही झाल्या होत्या. पण गरोदर बाईला झिका झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो. तो गावात आहे हे वेळेवर कळलं, म्हणून गरोदर बायकांची काळजी घेता आली, डासांचा बंदोबस्त करता आला.

तुम्ही एवढं कराच

● घरात कुणाला ताप आला की तो कोणत्या तारखेला आला, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. ''तीन-चार दिवस झाले असतील'' यानं डॉक्टरांना फारसा बोध होत नाही.

● शेजारच्या दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब, कावीळ किंवा ताप दिसला, तर नगरपालिकेच्या दवाखान्यात किंवा आशाताईंना कळवा. नळाचं पाणी गढूळ येत असेल तर तेही सांगा.

● तपासणीचे कागद आणि लसीचं कार्ड एकाच पिशवीत ठेवा. परगावी जाताना ती पिशवी बरोबर घ्या.

● क्षयाचा खोकला असो की आणखी काही, लाजेपोटी लपवू नका. लपवलेला रोग आधी घरातल्याच माणसांना धरतो.

● पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात नैसर्गिक पोलिओचा रोगी सापडलेला नाही. तो पुन्हा शिरला तर लगेच कळावं, म्हणून असं प्रत्येक मूल आजही तपासलं जातं.

आणि हो, सिस्टर किंवा आशाताई दारात आल्या तर त्यांना उंबऱ्यावरूनच ''आमच्याकडे सगळे ठीक'' म्हणून वाटेला लावू नका. खुर्ची द्या, पाणी विचारा आणि जे असेल ते खरं सांगा. त्यांच्या फॉर्मवर जाणारा आकडा तुमच्या तोंडूनच निघणार आहे.