धोक्याचा भोंगा कसा वाजतो?

ध्वनीचा पाठ शिकवताना आपण नादकाटा, सतारीची तार, तबल्याची पुडी अशी उदाहरणे घेतो. प्रत्येक ठिकाणी एखादी वस्तू थरथरते. त्यामुळे ध्वनीसाठी थरथरणारी घन वस्तू हवीच, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्याची सूचना देणाऱ्या यांत्रिक भोंग्यात मात्र ना तार होती, ना पडदा, ना पेटीतल्यासारखी पत्ती. मग आवाज येई कोठून?

अशा भोंग्यात एकात एक बसणारे दोन दंडगोल असतात. बाहेरचा स्थिर, आतला मोटरने किंवा हाताने फिरवायचा. दोघांच्याही कडेला सारख्या अंतरावर खिडक्या असतात. आतल्या दंडगोलाची पाती मधून हवा ओढून कडेकडे फेकतात. खिडकीसमोर खिडकी आली, की हवेचा झोत बाहेर पडतो. भिंत आड आली, की तो तुटतो. असे शेकडो झोत दर सेकंदाला सुटू लागले, की बाहेरच्या हवेचा दाब तितक्याच वेळा वाढतो आणि घटतो. हाच ध्वनी. येथे थरथरते ती हवाच!

यातले गणितही सोपे आहे. खिडक्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे म्हणजे वारंवारता. दंडगोलाला १० खिडक्या असून तो सेकंदाला ४८ फेरे घेत असेल, तर ४८० हर्ट्झचा स्वर निघेल. ब्रिटनमधील अनेक भोंग्यांत दुसऱ्या टोकाला १२ खिडक्यांचा दंडगोल असे. त्याचा स्वर ५७६ हर्ट्झ. हे ५:६ गुणोत्तर म्हणजे आपले षड्ज आणि कोमल गंधार.

या हिशेबासाठीच फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर यांनी १८१९ मध्ये भोंग्याचा पूर्वज बनवला. छिद्रे ठाऊक असलेल्या तबकडीचे फेरे मोजले, की स्वराची वारंवारता कळे. हे उपकरण पाण्याखालीही गाई, म्हणून ग्रीक कथांतील सागरी गायिकांवरून त्याला ‘सायरन’ नाव मिळाले.

जड दंडगोल एकदम वेग घेत नाही, एकदम थांबतही नाही. म्हणून वीज चालू करताच स्वर हळूहळू चढतो, बंद करताच उतरतो. वीज पुन्हापुन्हा चालू-बंद केली, की चढउताराचा आक्रोश होतो. तो धोक्याचा इशारा. वेग कायम ठेवला, की एकसुरी आवाज येतो. तो धोका टळल्याचा. आपल्याकडेही हाच संकेत आहे. ७ मे २०२५ रोजी देशात नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा अनेक ठिकाणी भोंगे वाजले. हा फरक न ओळखणारा माणूस भर धोक्यात आसऱ्याबाहेर पडेल.

वर्गात पुठ्ठ्याच्या तबकडीवर एकाच वर्तुळात १२ छिद्रे पाडावीत. ती छोट्या मोटरवर फिरवून छिद्रांवर नळीने फुंकावे. वेग वाढवत नेला, की स्वर चढताना ऐकू येईल. मग विद्यार्थ्यांना विचारावे: येथे थरथरते आहे ते काय?