वारसाच्या वादातून वसलेली मेहदीबाग

दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजाचे ४६ वे दाई, म्हणजे अदृश्य इमामांचे प्रतिनिधी मानले जाणारे धर्मप्रमुख, मुहम्मद बद्रुद्दीन १८४० मध्ये वारले. त्यांनी वारस नेमला होता की नाही, यावर एकमत झालेच नाही. बहुसंख्य समाजाने अब्दुल कादिर नजमुद्दीन यांना ४७ वे दाई मानले. पुढे अब्दुल हुसेन जीवाजी यांनी मात्र दाईंची परंपरा ४६ व्या दाईंपाशीच खंडित झाल्याचे सांगितले आणि अदृश्य इमामांशी आपला संपर्क असल्याचा दावा केला. त्यांनी त्यासाठी मूळ समाज सोडला. १८९० च्या दशकात त्यांच्या अनुयायांनी नागपुरात मेहदीबाग ही वसाहत वसवली. या अनुयायांचा पंथ म्हणजेच ‘अत्बा-ए-मलक’. कालांतराने त्याच्याही बदर आणि वकील अशा दोन शाखा झाल्या.