हिब्रू की स्वीडिश? मराठी कानाला विचारू या

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते. कोणत्या भाषेला किती वेळ लागतो, याचं तिथल्या अनुभवावर बेतलेलं कोष्टक जगभर फिरत असतं. त्यात स्वीडिशसाठी साधारण २४ आठवडे आहेत आणि हिब्रूसाठी ४४. नवी भाषा निवडू पाहणारा हे आकडे बघतो आणि हिब्रूचा नाद सोडतो. पण हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत. स्वीडिश ही इंग्रजीसारखीच जर्मानिक शाखेतली, म्हणून त्यांना ती जवळची वाटते. मराठी माणसाच्या गाठीला वेगळं भांडवल आहे आणि ते दोन्ही भाषांत कामी येतं. भाषा निवडताना आपल्या या भांडवलाकडे आधी बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

स्वीडिशच्या उच्चारांपासूनच सुरुवात करू. स्टॉकहोमच्या परिसरातल्या प्रमाण बोलीत 'र'पाठोपाठ त, द, न, स किंवा ल आला की दोन्ही मिळून एकच मूर्धन्य ध्वनी होतो : ट, ड, ण, ष, ळ. मूल या अर्थाचा शब्द अक्षरांनुसार 'बार्न' आहे, पण कानावर पडतो तो जवळपास 'बाण'. टेबलाला लिहितात 'बोर्द', म्हणतात 'बूड'. 'कार्ल' हे नाव 'काळ' असं ऐकू येतं. एका शब्दाच्या शेवटी 'र' आणि पुढच्याच्या सुरुवातीला 'स' आला, तरी हेच घडतं. इंग्रजी माणसाला यासाठी जीभ मुद्दाम मागे वळवायला शिकावं लागतं. आपण ते बालपणीच शिकलेलो असतो, 'ळ'सकट. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात मात्र 'र' घशातून काढतात आणि तिथे ही जादू चालत नाही.

स्वरांच्या बाबतीत आपली बाजू लंगडी आहे. बोलण्यात आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं लक्ष देत नाही. स्वीडिशमध्ये स्वराच्या लांबीवर अर्थ बदलतो, शिवाय स्वरच नऊ आहेत. त्यावर सुरांची भर. 'आंदेन' हा शब्द एका सुरात म्हटला तर 'ते बदक' आणि दुसऱ्या सुरात म्हटला तर 'तो आत्मा'. हे पुस्तकातून येत नाही, ऐकून ऐकूनच येतं.

व्याकरण मात्र सुखाचं. मी, तू, ती, आम्ही, ते, कुणीही जावो, क्रियापदाचं रूप एकच : 'गोर'. कर्ता बाई आहे की पुरुष, याचीही क्रियापदाला फिकीर नाही. नामांना दोन लिंगं आहेत. जुन्या स्वीडिशमध्ये आपल्यासारखी तीन होती, पुढे प्रमाण भाषेत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकमेकांत मिसळलं आणि नपुंसकलिंग तेवढं वेगळं राहिलं. 'मोठा वाडा, मोठी खोली, मोठं घर' असं सहज बोलणाऱ्याला, नपुंसकलिंगी नाम आलं की विशेषणाला 'त' लावायचा, ही कल्पना नवी नाही. आपली अडचण येते ती वाक्यरचनेत. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी हवं म्हणजे हवंच : 'आज वाचतो मी पेपर'. वाक्य संपेपर्यंत क्रियापद राखून ठेवणाऱ्या मराठी मनाला ही सवय लागायला वेळ लागतो.

आता हिब्रू. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिखाण आणि स्वरांच्या खुणा बहुतेक गायब. लहान मुलांची पुस्तकं, कविता आणि धर्मग्रंथ सोडले तर त्या छापतच नाहीत. त्यामुळे स-फ-र अशी तीन अक्षरं दिसली की 'सेफेर' म्हणजे पुस्तक, 'सपार' म्हणजे न्हावी, 'साफार' म्हणजे त्याने मोजलं आणि 'सिपेर' म्हणजे त्याने सांगितलं, यातलं काय ते संदर्भावरून ठरवायचं. ('प' आणि 'फ' यांना अक्षर एकच.)

मग तिथली माणसं भराभर वाचतात कशी? याचं उत्तर भाषेच्या बांधणीत आहे. हिब्रू शब्दाचा गाभा म्हणजे बहुधा तीन व्यंजनांचा धातू. क-त-व हा लिहिण्याचा धातू घ्या : 'कातव' त्याने लिहिलं, 'मिख्ताव' पत्र, 'क्तोवेत' पत्ता. वाचकाची नजर आधी धातू शोधते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हदास वेलान आणि राम फ्रॉस्ट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना अक्षरांची अदलाबदल केलेली वाक्यं वाचायला दिली. इंग्रजी वाचनावर फारसा परिणाम झाला नाही. हिब्रू वाचन मात्र कोलमडलं. धातूच्या अक्षरांचा क्रम बिघडला की शब्दाचा ठावठिकाणाच हरवतो. शिकणाऱ्यासाठी यातला धडा सरळ आहे : शब्दांच्या सुट्या याद्या पाठ करू नयेत, धातूचं कुटुंब एकत्र शिकावं.

आणि या कुटुंबांतल्या काही जणांना आपण आधीपासून ओळखतो. अरबी ही हिब्रूची बहीण, आणि फारसीमार्गे अरबी शब्द मराठीत मुरलेले आहेत. 'किताब' त्याच धातूच्या अरबी रूपातला, क-त-बमधला. आपल्या 'हिशेबा'चं हिब्रू भावंड 'खेशबोन'. हॉटेलात बिल मागताना हाच शब्द वापरतात आणि संगणकाला म्हणतात 'मख्शेव', त्याच धातूवरून. 'तारीख' तर हिब्रूनेही अरबीतूनच उचलली आहे.

याहून मोलाची गोष्ट क्रियापदात आहे. 'मी जातो' आणि 'मी जाते' हा भेद इंग्रजी माणसाला विचित्र वाटतो. हिब्रूत अगदी हाच भेद आहे : पुरुष म्हणतो 'अनी होलेख', बाई म्हणते 'अनी होलेखेत'. 'तू'सुद्धा पुरुषासाठी 'अता' आणि बाईसाठी 'अत'. 'चाक'मधला 'च'ही हिब्रूत स्वतंत्र अक्षर म्हणून हजर आहे. घशातला 'ख' तेवढा घोटावा लागतो.

मराठीतून हिब्रू शिकणं ही नवलाची गोष्टही नाही. कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू लोक घरात मराठी बोलत आणि प्रार्थना हिब्रूत करत. त्यांच्यासाठी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलं. हिब्रू पुन्हा बोलती करण्यासाठी झटणारे एलिएझर बेन येहुदा जेरुसलेमला जाऊन घरात फक्त हिब्रू बोलण्याचा हट्ट धरू लागले ते १८८१ पासून. म्हणजे आधुनिक बोलभाषा म्हणून हिब्रू उभी राहण्यापूर्वी जवळजवळ पन्नास वर्षं ती मराठीतून समजावली जात होती.

हिब्रू आणि स्वीडिश, दोन्हींच्या रोजच्या वापरात आदरार्थी 'तुम्ही' नाही. स्वीडनमध्ये पूर्वी समोरच्याला पदवीने संबोधत. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेद यांनी वैद्यकीय मंडळाची सूत्रं हाती घेताच सर्वांना 'दू' म्हणणार असं जाहीर केलं आणि देशभर तो बदल वेगाने रुजला. वयाने मोठ्या माणसाला 'तू' म्हणताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, पण ते करायला हवं.

माझं मत विचाराल तर, शाळेत इंग्रजी नीट झालं असेल आणि वर्षभरात कामापुरतं वाचता यावं अशी गरज असेल, तर स्वीडिश घ्यावी. पहिल्या दिवसापासून कान तयार करावा आणि सोप्या भाषेत निघणारं '८ सीदोर' हे वृत्तपत्र हाताशी ठेवावं. भाषेची यंत्रणा उलगडण्यात रस असेल, तर हिब्रू. तिचे पहिले चार-सहा महिने लिपीपायी जड जातात, पुढे प्रत्येक नवा धातू दहा शब्द घेऊन येतो. सुरुवात स्वरखुणा असलेल्या मजकुरानेच करावी. इस्राएलमध्ये नव्याने आलेल्यांसाठी 'ओमेर' नावाचं स्वरखुणांसकट छापलेलं दैनिकच निघत असे. खुणांचा आधार मात्र वेळेवर सोडायला हवा. सोडला नाही, तर नजर धातू शोधायला शिकत नाही.