विश्लेषण : पावसाळी सुट्टी, एक मोबाइल आणि सारे घर... ‘पार्टी गेम’ कुठे संपतो, पैशांचा डाव कुठे सुरू होतो?

१८ आणि १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई महानगर परिसराला पावसाने झोडपून काढले आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. त्याच आठवड्यात, २० आणि २१ ऑगस्टला, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा कायदा मंजूर केला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. मात्र सुट्टीच्या दिवशी घरात जो मोबाइल हातोहात फिरतो, त्यावरचा कोणता खेळ निखळ करमणुकीचा आणि कोणता खिसा रिकामा करणारा, हा प्रश्न आता प्रत्येक घरापुढे आहे. चौघांनी मिळून खेळायचे ‘पार्टी गेम’ काय असतात, ते इंटरनेटशिवाय कसे खेळायचे आणि पैशांचा डाव कसा ओळखायचा, याविषयी...

पावणेसारख्या भागात हा प्रश्न का?

एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी आणि मध्ये ठाणे-बेलापूर मार्गालगतची टीटीसी औद्योगिक वसाहत. पावणे गाव याच पट्ट्यात आहे. गावठाणातली घरे एकमेकांना खेटून उभी, आजूबाजूला कारखाने आणि गोदामे, रस्त्यावर अवजड वाहने. उन्हाळ्यात मुले जिथे क्रिकेट खेळतात, तिथे जुलैत चिखल असतो. घरातले कुणी पाळीवरून आलेले, कुणी निघायच्या तयारीत. मुसळधार पावसात शाळा बंद राहिली की दहा बाय बाराच्या खोलीत आजी-आजोबांपासून पहिलीतल्या मुलापर्यंत सगळे एकत्र. पूर्वी अशा वेळी पत्ते, कॅरम, सापशिडी, ‘व्यापार’ बाहेर निघायचे. आता मोबाइल निघतो. तो प्रत्येकाच्या हातात वेगवेगळा राहिला तर घर शांत होते, पण एकत्र बसत नाही. मोबाइलवरचे खेळ मिळून खेळता येतात, ही बाब अनेकांच्या लक्षातच येत नाही.

‘पार्टी गेम’ म्हणजे नेमके काय?

एकाच खोलीतल्या अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, नियम मिनिटभरात समजणारा आणि डाव पाच-दहा मिनिटांत संपणारा व्हिडीओ गेम, अशी याची सोपी ओळख सांगता येईल. या प्रकाराला ठळक ओळख मिळवून दिली ती निन्टेंडोच्या ‘मारिओ पार्टी’ने. १९९८मध्ये आलेल्या या खेळात पडद्यावर पट मांडलेला असतो, फासे टाकून पुढे जायचे आणि मध्येमध्ये छोटे-छोटे खेळ खेळायचे. म्हणजे कल्पना पटावरच्या खेळाचीच.

या खेळांची रचना मुद्दाम अशी असते की, कच्चा खेळाडूही शेवटपर्यंत डावात राहावा. ‘मारिओ कार्ट’ शर्यतीत मागे पडलेल्याला अधिक चांगली अस्त्रे मिळतात. लुडोत हेच काम फासा करतो. कितीही हुशार खेळाडू असो, फाशाने साथ दिली नाही तर त्याची सोंगटी घरातच. त्यामुळे सात वर्षांची नात आजोबांना हरवू शकते. हरलेल्याला राग येण्याआधी पुढचा डाव सुरू झालेला असतो. एकट्याने तासन् तास खेळायच्या गेमपेक्षा हा प्रकार वेगळा ठरतो, तो याच कारणाने.

नवी मुंबईचा ‘लुडो किंग’ घराघरांत कसा पोहोचला?

या प्रकारातले सर्वात यशस्वी भारतीय उदाहरण नवी मुंबईतलेच आहे. मूळचे पाटण्याचे विकाश जयस्वाल यांनी ‘इंडियागेम्स’मध्ये नोकरी केल्यानंतर २०१०मध्ये ‘गेमेशन टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी सुरू केली. नवी मुंबईतल्या या कंपनीने २०१६मध्ये ‘लुडो किंग’ बाजारात आणला. प्ले स्टोअरवर १० कोटी डाउनलोडचा टप्पा गाठणारा तो पहिला भारतीय गेम ठरला. २०२०च्या टाळेबंदीत दररोज खेळणाऱ्यांची संख्या सुमारे दीड कोटीवरून पाच कोटींच्या पुढे गेल्याचे कंपनीकडून सांगण्यात आले होते. घरात अडकलेल्या माणसांना काय हवे असते, याचा तो मोठा धडा होता. पावसाळी सुट्टी म्हणजे त्याचीच एक-दोन दिवसांची छोटी आवृत्ती.

‘लुडो किंग’ ऑनलाइन खेळता येतो, तसाच ‘पास अँड प्ले’ या पर्यायाने एकाच मोबाइलवरही खेळता येतो. आपली खेळी झाली की मोबाइल शेजारच्याकडे द्यायचा. सहा खेळाडूंपर्यंत डाव मांडता येतो, सापशिडीही त्याच ॲपमध्ये आहे. स्वस्तातल्या जुन्या मोबाइलवर चालणारा आणि आजीला वेगळा शिकवावा न लागणारा खेळ, हे त्याच्या लोकप्रियतेमागचे मुख्य कारण.

म्हणजे हा सारीपाटच की?

बऱ्याच अंशी होय. चार फाट्यांचा पट, चौघांच्या सोंगट्या आणि मधल्या घरात पोहोचण्याची शर्यत हा पचीसीचा साचा. कवड्यांचे सर्वात मोठे दान पंचवीसचे, म्हणून नाव पचीसी. सारीपाट, चौपट ही त्याच कुळातली नावे. अकबराच्या फतेहपूर सिक्रीत दगडी फरसबंदीवर आखलेला पचीसीचा पट आजही पाहायला मिळतो. इंग्रजांनी हा खेळ सोपा केला, कवड्यांऐवजी सहा बाजूंचा फासा आणला आणि १८९६मध्ये इंग्लंडमध्ये ‘लुडो’ नावाने त्याचे पेटंट घेतले गेले. लॅटिनमध्ये ‘लुडो’ म्हणजे ‘मी खेळतो’. तिथून तो पुठ्ठ्याच्या पटावर भारतात परत आला आणि आता मोबाइलवर.

पण या पटाला पहिल्यापासून दोन चेहरे आहेत. माजघरातली करमणूक हा एक आणि द्यूत हा दुसरा. महाभारतातला डाव कशावर लागला होता, हे सांगायला नको. पट तोच, फासेही तेच. फरक पणाला काय लागले एवढाच. मोबाइलवरही नेमके हेच घडले आहे.

वीज गेली, इंटरनेट नसले तर?

मुसळधार पावसात वीज जाणे आणि नेटवर्क कोलमडणे या दोन्ही गोष्टी होतात. अशा वेळी इंटरनेट न लागणारे गेम उपयोगी पडतात. पहिला प्रकार एकाच मोबाइलवर आळीपाळीने खेळण्याचा. दुसरा प्रकार एकाच वायफायवरचा. एकाने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करायचा, बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचे. मोबाइल आपापसांत बोलतात, बाहेरच्या इंटरनेटची गरज लागत नाही आणि डेटाही संपत नाही. महाविद्यालयांच्या वसतिगृहांत गाजलेला ‘मिनी मिलिशिया’ असाच खेळला जातो. ‘अमंग अस’मध्येही अशी ‘लोकल’ सोय आहे. आपल्यातला लबाड कोण, हे चर्चा करून शोधायचे. इथे बोटांच्या वेगापेक्षा थापा पचवण्याचे कौशल्य अधिक लागते, त्यामुळे मोठ्यांनाही मजा येते. ‘मिनी मिलिशिया’त मात्र गोळीबार आहे, ‘अमंग अस’मध्येही पात्रे मारली जातात. लहान मुले असतील तर ॲपवरची वयाची खूण आधी पाहून घ्यावी.

आदल्या रात्रीच मोबाइल पूर्ण चार्ज करणे आणि गेम उतरवून ठेवणे उत्तम. विजा कडाडत असताना चार्जरला लावलेला मोबाइल हातात धरून खेळू नये.

टीव्हीवर खेळायचे झाल्यास?

त्यासाठी महागडा कन्सोल असलाच पाहिजे असे नाही. ‘बॉम्बस्क्वॉड’ या गेममध्ये आठ जणांपर्यंत एकत्र खेळता येते. एका यंत्रावर गेम सुरू करायचा आणि बाकीच्यांनी वेगळे रिमोट ॲप घेऊन आपला मोबाइलच कंट्रोलर म्हणून वापरायचा. ‘जॅकबॉक्स’च्या खेळांत प्रश्न टीव्हीवर दिसतात आणि उत्तरे प्रत्येक जण मोबाइलच्या ब्राउझरवरून देतो. गेम एकानेच विकत घ्यायचा असतो. मात्र तो इंग्रजी शब्दखेळांवर बेतलेला असल्याने प्रत्येक घरात रंगेलच असे नाही. ‘स्क्रिबल’सारख्या चित्र काढून ओळखण्याच्या खेळात आपले शब्द घालता येतात. तिथे ‘वडापाव’ किंवा ‘छत्री’ सहज चालते.

कन्सोल किंवा संगणक असलेल्यांसाठी ‘ओव्हरकुक्ड’ हा २०१६चा गेम सांगता येईल. चौघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचे. कुणी चिरायचे, कुणी शिजवायचे, कुणी भांडी घासायची. एकमेकांशी बोलल्याशिवाय एकही ताट बाहेर जात नाही. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’मध्ये एकालाच बॉम्ब दिसतो आणि तो निकामी कसा करायचा, हे इतरांनी पुस्तिका वाचून सांगायचे. घरातला गोंधळ हाच या खेळांचा आनंद.

पैशांचा डाव कसा ओळखायचा?

केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्स, सामाजिक गेम आणि पैशांचे गेम असे वेगळे गट आहेत. प्रवेश शुल्क भरून, पैसे जमा करून किंवा अन्य काही पणाला लावून, बदल्यात पैसे वा तत्सम लाभ मिळण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा गेम हा पैशांचा गेम. तो कौशल्याचा की नशिबाचा, हा मुद्दा या व्याख्येत गौण आहे. असा गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची, तर त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा करण्याचा या कायद्याचा हेतू नाही. त्याला पीडित मानावे अशी सरकारची भूमिका आहे.

‘कौशल्य की नशीब’ हा वाद लुडोपर्यंतही पोहोचला होता. पैसे लावून खेळला जाणारा लुडो हा नशिबाचा खेळ जाहीर करावा, अशी मागणी करणारी याचिका २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. संसदेने कायदा केल्यानंतर ‘ड्रीम ११’, ‘एमपीएल’, ‘झुपी’ आदी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवत असल्याचे जाहीर केले. अशा खेळांत सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी मांडण्यात आला होता.

घरासाठी कसोटी सोपी आहे. डाव सुरू करण्यापूर्वी ॲप पैसे भरायला सांगते का आणि जिंकल्यावर ते पैसे बँक खात्यात किंवा यूपीआयवर ‘काढता’ येतील असे म्हणते का? दोन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर तो पार्टी गेम नव्हे. प्ले स्टोअरऐवजी एखाद्या संदेशातल्या लिंकवरून ॲप उतरवायला सांगितले जात असेल, तर तिथेच थांबावे. नाव ‘लुडो’ आहे, चित्रे रंगीत आहेत, शेजारचाही खेळतो, यांपैकी काहीही खात्रीचे लक्षण नाही.

फुकट खेळात पैसे कुठे जातात?

फुकट गेमचे उत्पन्न जाहिराती आणि ॲपमधील खरेदी यांतून येते. नाणी, हिरे, नवे फासे, पात्रांचे कपडे अशा वस्तू खऱ्या पैशांत विकल्या जातात. ही खरेदी कायद्याच्या अर्थाने डाव लावणे नव्हे, कारण त्या बदल्यात पैसे परत मिळत नाहीत. पण पालकांच्या खात्यातून रक्कम जातेच. त्यामुळे मुलाच्या हाती मोबाइल देण्यापूर्वी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड बंधनकारक करावा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. अनोळखी खेळाडूंशी होणारे चॅट बंद ठेवावे. एकाच खोलीत बसून खेळायचे असेल तर त्याची गरजही नसते. काही गेममध्ये इंटरनेट बंद केले की जाहिराती येत नाहीत, हा आणखी एक फायदा.

किती वेळ खेळावे?

दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, कमी असेल तितके चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितले आहे. गेमवरचा ताबा सुटणे आणि त्याचा अभ्यास, काम, नात्यांवर गंभीर परिणाम होणे, हे साधारण वर्षभर सुरू राहिले तर त्याला ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हटले जाते. २०२२पासून आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचा समावेश आहे. एका पावसाळी दुपारी खेळल्याने हा विकार जडत नाही. पण वेळ घड्याळापेक्षा डावांवर ठरवला तर भांडण कमी होते. ‘पाच डाव, मग मोबाइल बंद’ हे मुलांना ‘अर्धा तास’पेक्षा लवकर पटते, कारण अर्धवट डाव सोडावा लागत नाही.

घराबाहेर गेम झोनमध्ये जायचे असेल तर?

मॉलमधल्या बंदिस्त गेम झोनचा पर्याय आहेच. मात्र २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या आगीत मुलांसह २७ जणांचा जीव गेला होता. आत गेल्यावर बाहेर पडण्याचे दोन वेगळे मार्ग दिसतात का आणि ते मोकळे आहेत का, एवढे पाहायला मिनिटही लागत नाही. लाल इशारा असलेल्या दिवशी मात्र ठाणे-बेलापूर मार्गावर अडकण्यापेक्षा घरातला डाव बरा. त्याला लागतो तो एक चार्ज केलेला मोबाइल आणि मांडी घालून बसायला चौघांपुरती जागा.