नवे कामगार-कायदे आणि जव्हार-मोखाड्याचा मजूर

कामगार-कायदा हा शब्द कानी पडला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गिरणीचे धुराडे, कारखान्याचे फाटक, हजेरीचे पुस्तक आणि फाटकाबाहेर लाल बावटा घेऊन उभे असलेले लोक, एवढे चित्र उभे राहते. हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा ह्या डोंगरी तालुक्यांत जो मजूर राहतो, त्याच्या वाट्यास यांपैकी काहीच येत नाही. भात, नागली व वरई ही पावसाळी पिके हाती आली आणि दिवाळी सरली, म्हणजे वारली, ठाकूर, कोळी व कातकरी कुटुंबे भांडीकुंडी आणि कच्चीबच्ची बरोबर घेऊन डोंगर उतरतात. भिवंडी, वसई, वाडा, शहापूर ह्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर ती कामास लागतात आणि पावसाच्या तोंडी परततात. पुढच्या वर्षी भट्टी निराळी, मालकही बहुधा निराळा. अशा मजुराला कायदा गाठतो तरी कोठे, हा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने एकोणतीस जुने कामगार-कायदे एकत्र करून त्यांच्या चार संहिता केल्या. वेतनाची संहिता २०१९ साली संमत झाली. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या जागेची सुरक्षितता व आरोग्य ह्या विषयांच्या तीन संहिता २०२० साली झाल्या. आणि चारही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या. त्यांवरून शहरांत पुष्कळ वाद माजला. जुन्या कायद्यांच्या जंजाळातून सुटका झाली, असे एक पक्ष म्हणतो. संघांचे हातपाय बांधले गेले, असे दुसरा म्हणतो. मोखाड्याच्या मजुराचे नाव ह्या वादात फारसे कोणी घेत नाही. तेव्हा ह्या सुधारणांची परीक्षा त्याच्याच अंगणात नेऊन करणे इष्ट ठरेल.

प्रथम संघाचा हक्क म्हणजे काय, ते पाहू. ‘एवढ्या मजुरीत काम करणार नाही,’ असे एकट्याने म्हटले तर ती त्याची मर्जी. पाचशे जणांनी मिळून तेच म्हटले तर तो कट, अशी जुनी समजूत होती. मद्रासेच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या झगड्यात १९२० साली मजूर-संघाच्या पुढाऱ्यांवर न्यायालयाची मनाई आली, ती ह्याच समजुतीपायी. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी पदरात पाडून घेतली, तेव्हा त्यांच्यामागे कोणत्याही कायद्याचे पाठबळ नव्हते. ते १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने दिले. नोंदलेल्या संघाने एकत्र येऊन काम थांबविले, एवढ्यावरून त्याच्यावर कटाचा खटला चालत नाही, हे त्या कायद्याचे मर्म होय. सात मजुरांनी मिळून नोंदणी करावी, अशी त्यात सोय होती. २००१ सालच्या दुरुस्तीने तीत भर पडली, ती अशी की त्या धंद्यातील मजुरांपैकी दशांश अथवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल तितके तरी सभासद हवेत. नव्या संहितेनेही तीच अट ठेवली आहे.

संघाला असे बळ मिळाले. पण एकटा माणूस बराच काळ उघडाच राहिला. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली असे धरले की, एका मजुराचे गाऱ्हाणे संघाने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी आपले म्हणून उचलल्याखेरीज त्यास औद्योगिक कलहाचे रूप येत नाही. म्हणजे कामावरून काढलेल्या माणसाने आधी संघाचे मन वळवावयाचे आणि मग न्यायालयाचे! १९६५ च्या दुरुस्तीने हे वैगुण्य दूर झाले. बडतर्फ झालेल्या एकट्या कामगाराचा तंटाही कलह मानला जाऊ लागला. २०१० पासून त्याला समेट-अधिकाऱ्याकडे अर्ज करून पंचेचाळीस दिवसांनी स्वतः न्यायालयात जाता येऊ लागले, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत होती. नव्या संहितेत हा वैयक्तिक हक्क कायम आहे. मुदत मात्र दोन वर्षांवर आली आहे.

संघ आणि व्यक्ती यांच्यातील ओढाताणीचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईनेच पाहिले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली कापड-गिरण्यांतील कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ ह्या एका संस्थेकडे होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचा प्रतिनिधी तोच जुना संघ राहिला. ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांच्यामागे कामगार नाहीत, आणि ज्यांच्यामागे कामगार आहेत त्यांच्याशी बोलावयाचे नाही, असा तो पेच होता. नव्या संहितेत हजेरीपटावरील शेकडा ५१ कामगार ज्या संघाचे सभासद असतील तोच एकटा वाटाघाटीचा संघ. असा संघ नसेल तर शेकडा २० सभासद असणाऱ्या प्रत्येक संघाचा प्रतिनिधी घेऊन वाटाघाटी-मंडळ बनवावयाचे, अशी योजना आहे. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांत हवी, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. कारखाना बंद करण्यास किंवा कामगार कमी करण्यास सरकारची पूर्वपरवानगी जेथे शंभर कामगारांवर लागत असे, तेथे आता ती तीनशेंवर लागते. मोठ्या कारखान्यातील कामगाराला हे बदल जाचक वाटले, तर त्यात नवल नाही.

आता भट्टीकडे वळू. भट्टीवर तीनशे मजूर नसतात. कायमचा हजेरीपट नसतो. असला तरी त्यावर नाव नवऱ्याचे. माती मळणे, विटा पाडणे, वाळवणे, वाहणे हे काम नवरा-बायको मिळून करतात, मुलेही हात लावतात, आणि मजुरी हजार विटांच्या दराने एका ‘जोडी’ची म्हणून लावली जाते. शेकडा ५१ ची मोजणी ज्या पटावरून करावयाची, त्या पटावर निम्मे श्रम करणारी बाईच नाही! संघाच्या मान्यतेचे हे सारे यंत्र मोखाड्याच्या मजुराच्या डोक्यावरून निघून जाते, ते असे.

त्याचे खरे बंधन निराळेच आहे, आणि त्याचे नाव उचल. दिवाळीच्या सुमारास, घरात दाणा संपत आला असता, मालक किंवा त्याचा मुकादम पाड्यावर येऊन आगाऊ रक्कम देतो. ती लग्नात, आजारपणात, सणात खर्च होते. मग भट्टीवर आठवड्याला तेल-मिठापुरते पैसे मिळतात, आणि विटांचा हिशेब होतो हंगामाच्या अखेरीस. हिशेबाची वही मालकाची, मोजणी मालकाची. उचल फिटली नाही असे निघाले, म्हणजे पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. मध्येच निघून दुसरीकडे अधिक दराने काम करावे, हा जो स्वतंत्र मजुराचा पहिला हक्क, तोच येथे गहाण पडलेला असतो.

ह्या ठिकाणी वेतन-संहितेची काही कलमे लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहेत. संपाच्या कलमांवर जेवढी शाई खर्च झाली तिच्या दशांशही ह्यांच्यावर झालेली नाही. वेतनाचा काळ एका महिन्याहून मोठा असता कामा नये, असे संहिता सांगते. तेव्हा सहा महिन्यांनी एकदाच हिशेब करण्याची भट्टीची रीत मुळातच बेकायदा ठरते. सर्व कपाती मिळून मजुरीच्या निम्म्यावर जाता येत नाही. कामास लागण्यापूर्वी प्रवासखर्चासाठी दिलेली उचल तर वसूलच करता येत नाही. उक्त्या दराने काम घेतले तरी जेथे रोजाची किमान मजुरी ठरलेली आहे तेथे तिच्याखाली जाता येत नाही. पूर्वी किमान मजुरी १९४८ च्या कायद्याच्या अनुसूचीत नमूद असलेल्या धंद्यांनाच लागू होती; आता ती सर्वांना आहे, आणि ही सुधारणा निर्विवाद चांगली होय. मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. आणि हा दावा मजुराप्रमाणेच, तो ज्या नोंदलेल्या संघाचा सभासद असेल त्या संघालाही दाखल करता येतो.

ह्यांच्या जोडीस १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उभा आहे. तो संहितांत विरलेला नाही. उचलीपोटी कोणास काम सोडून जाण्याची मोकळीक नसेल तर ती वेठबिगारी. ते कर्ज कायद्याने बुडाले, आणि हे वेठबिगारीचे कर्ज नव्हे, हे सिद्ध करणे सावकाराचे काम. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, किमान मजुरीहून कमी देऊन काम घेणे हेही घटनेच्या तेविसाव्या कलमाखाली सक्तीचे श्रम होत.

कायद्यात इतके असूनही पाड्यावर ते उतरत नाही, याचे कारण एकटा मजूर ते उतरवू शकत नाही. ह्या मुलखाला याचा अनुभव जुना आहे. जव्हार हे पूर्वी मुकणे घराण्याचे संस्थान, तर मोखाडा हा इंग्रजी मुलखातील शहापूर तालुक्याचा पेटा. १९२६ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्यामुळे तो मोखाड्यास लागू होता आणि लगतच्या जव्हारास नव्हता. १९४८ च्या विलीनीकरणाने हा भेद मिटला. मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सायमिंग्टन साहेबांनी १९३८ साली वेठीचे व लग्नाच्या कर्जापायी बांधल्या गेलेल्या ‘लग्नगड्यां’चे वर्णन सरकारला सादर केले. तो अहवाल कपाटात राहिला. वेठ हलली ती १९४५ साली, जेव्हा उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेखाली एकत्र झाले. रोजी बारा आण्यांखाली काम नाही, आणि पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये, अशी त्यांची मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच जण ठार झाले, तरी मागणी मागे घेतली गेली नाही. विशेष हे की, हा संघ कोणा एका मालकाच्या मजुरांचा नव्हता. दर साऱ्या टापूचा, म्हणून एका जमीनदाराला नकार देणाऱ्यास दुसऱ्याच्या दारी कमी दराने उभे राहावे लागले नाही. पुढे १९७८ ची कष्टकरी संघटना व १९८२ ची श्रमजीवी संघटना ह्या दोन्ही याच वाटेने, पाडा व तालुका हाच पाया धरून उभ्या राहिल्या.

सुधारणा हवी असेल ती येथे. वाटाघाटीच्या संघाची मोजणी एकेका भट्टीच्या पटावर न करता हंगामी धंद्यांपुरती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मापाने झाली पाहिजे. पटावर जोडी न लिहिता दोन माणसांची दोन नावे लिहिली गेली पाहिजेत. स्थलांतरित मजुरांसाठी जी कलमे आहेत, ती १९७९ च्या कायद्याप्रमाणेच आजही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरती आहेत; मोखाड्याचा मजूर गुजरातेत गेला तर स्थलांतरित, आणि भिवंडीस गेला तर नव्हे, हा भेद अनाकलनीय आहे. त्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून त्याचे घर पालघर जिल्ह्यात आणि भिवंडीची भट्टी ठाणे जिल्ह्यात. पावसाळ्यात तो घरी असतो आणि फिर्याद ऐकणारा अधिकारी घाटाखाली; हिवाळ्यात तो भट्टीवर असतो, तेव्हा एक दिवस कचेरीत जाणे म्हणजे एका दिवसाच्या विटा बुडणे. दावा मजुराच्या राहत्या तालुक्यात दाखल करता यावा, एवढ्या एका दुरुस्तीने त्याच्या वैयक्तिक हक्काला पाय फुटतील.

नेमणुकीचे पत्र प्रत्येक कामगारास द्यावे, असेही आता संहिता सांगते. भट्टीवर गेल्यावर ते पत्र मागण्याची वेळ टळून गेलेली असते. ते पाड्यावर, उचल हाती पडते त्याच दिवशी, मराठीत लिहिले जावे. रक्कम, हजार विटांचा दर आणि दोघांची नावे त्यात असावीत. आणि एक प्रत ग्रामपंचायतीत व एक मजुराच्या घरी राहावी.